चित्रओळीची जबाबदारी : जुन्या रेल्वे-छायाचित्रांच्या प्रसारातील हौस आणि अचूकता

प्रस्तावना :

रेल्वे आणि छायाचित्रण ही दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाची अपत्ये होत. मुंबई इलाख्यात तर त्यांचे आगमन जवळजवळ एकाच वेळी झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही प्रवासी गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी एतद्देशीय विद्वान मंडळी या संस्थेच्या कार्यात सहभागी होती. त्यामुळे आपल्याकडील रेल्वेचा इतिहास प्रारंभापासूनच कॅमेऱ्याच्या कक्षेत येऊ शकला, असे म्हणावयास हरकत नाही.

ही छायाचित्रे दीर्घकाळ संग्रहालये, रेल्वेची कार्यालये, पुराभिलेखागारे आणि काही कुटुंबांचे अल्बम यांतच पडून होती. गेल्या दोन दशकांत इंटरनेटमुळे ती सर्वांच्या हाती आली. आज एखादे जुने छायाचित्र एका दिवसात हजारो लोकांपर्यंत पोहोचते. ते पाठविणाऱ्याच्या मनात बहुधा निर्मळ आनंद असतो. परंतु छायाचित्राबरोबर त्याच्याखालची ओळही प्रवास करते आणि ती ओळ अनेकदा चुकीची असते. चूक दाखविली असता 'हौसेने पाठविले, त्यात एवढे काय बिघडले?' असा प्रश्न केला जातो. हा प्रश्न गांभीर्याने घेऊन त्याचे उत्तर शोधणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. छायाचित्राखालच्या या ओळीस येथे 'चित्रओळ' असे म्हटले आहे. विवेचन मुख्यतः महाराष्ट्रातील रेल्वेच्या उदाहरणांपुरते मर्यादित ठेवले आहे.

छायाचित्र आणि चित्रओळ :

छायाचित्राच्या स्वरूपाविषयी सुसान सोनटॅग यांनी 'ऑन फोटोग्राफी' (१९७७) या ग्रंथात आणि रोलाँ बार्थ यांनी 'कॅमेरा ल्युसिडा' (१९८०) या ग्रंथात केलेले चिंतन सुपरिचित आहे. बार्थ यांच्या विवेचनाचा गाभा असा की, समोर दिसणारी वस्तू कधीतरी कॅमेऱ्यासमोर खरोखर होती, एवढी ग्वाही छायाचित्र देते. चित्रकाराला न पाहिलेली आगगाडी रंगविता येते. छायाचित्रकाराला ती समोर असावी लागते. छायाचित्रावर आपला जो विश्वास बसतो, त्याचे मूळ येथे आहे.

मात्र ही ग्वाही मर्यादित आहे. 'हे होते' एवढेच छायाचित्र सांगते. ते कोठे होते, केव्हा होते, त्यातील माणसे कोण, गाडी कोठून कोठे चालली होती, हे ते सांगत नाही. ते काम चित्रओळीचे. गोंधळ होतो तो या ठिकाणी. छायाचित्राने मिळविलेला विश्वास वाचक नकळत चित्रओळीलाही देऊन टाकतो. केवळ शब्दांत केलेले विधान असते तर वाचकाने 'कशावरून?' असे विचारले असते; तेच विधान छायाचित्राखाली आले की चित्रच त्याचा पुरावा आहे असे वाटू लागते. वास्तविक चित्रओळ हे एक स्वतंत्र विधान आहे आणि अन्य कोणत्याही ऐतिहासिक विधानाप्रमाणे त्यालाही आधार लागतो.

'पहिली गाडी' : एक बोधप्रद उदाहरण

'भारतातील पहिली रेल्वेगाडी, १८५३' अशी चित्रओळ असलेली चित्रे दरवर्षी १६ एप्रिलच्या सुमारास हमखास दिसतात. त्यांची तपासणी केली असता अचूकतेचे अनेक प्रश्न एकाच ठिकाणी भेटतात.

पहिला प्रश्न चित्रओळीतील विधानाचा. १६ एप्रिल १८५३ ची गाडी ही भारतातील पहिली प्रवासी गाडी होय. तिला १४ डबे होते, सुमारे ४०० निमंत्रित त्यांत बसले होते आणि तीन इंजिनांनी ती सुमारे ३४ किलोमीटर अंतर ओढून नेली. परंतु त्यापूर्वी १८३७ मध्ये मद्रासजवळ रेड हिल्स येथे दगडांच्या वाहतुकीसाठी रेल्वे घातली गेली होती आणि १८५१ मध्ये रुडकीजवळ सोलानी जलसेतूच्या बांधकामावर वाफेचे इंजिन चालविण्यात आले होते. 'पहिली गाडी' आणि 'पहिली प्रवासी गाडी' यांतील फरक एका शब्दाचा दिसतो. पण तो शब्द गळला की मद्रास आणि रुडकी येथील दोन प्रयत्न इतिहासातून गळतात.

दुसरा प्रश्न इंजिनाचा. या चित्रओळीबरोबर 'फेअरी क्वीन' या इंजिनाचे छायाचित्र जोडलेले आढळते. हे इंजिन इंग्लंडमधील लीड्स येथे १८५५ मध्ये तयार झाले आणि ते बंगालमधील ईस्ट इंडियन रेल्वेसाठी होते. बोरीबंदरच्या उद्घाटनानंतर दोन वर्षांनी जन्मलेले इंजिन त्या समारंभात असणे शक्य नाही. ठाण्याच्या गाडीची इंजिने इंग्लंडमधीलच परंतु व्हल्कन फाउंड्री या कारखान्याची होती. फेअरी क्वीनचे स्वतःचे महत्त्व काही थोडे नाही. १९९७ मध्ये ती पुन्हा रुळांवर आली आणि नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून तिची नोंद झाली. खरा मान पदरी असताना खोट्या मानाची तिला आवश्यकता नव्हती.

तिसरा प्रश्न स्थानकाचा. काही चित्रांत मागे व्हिक्टोरिया टर्मिनसची भव्य इमारत दिसते. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षे चालले. १८५३ ची गाडी बोरीबंदरच्या साध्या स्थानकावरून सुटली होती. म्हणजे ही इमारत दिसत असेल तर ते चित्र त्या समारंभाचे नव्हे, हे सांगण्यास अन्य कोणत्याही पुराव्याची गरज उरत नाही.

चौथा प्रश्न छायाचित्रणाच्या तंत्राचा आणि तोच बहुधा दुर्लक्षिला जातो. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांची ओल्या काचेची कलोडियन पद्धत १८५१ मध्ये प्रसिद्ध झाली. काच ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालून, चित्र टिपून, लगेच धुवावी लागे आणि चित्र उमटण्यास साधारणतः काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात धावती गाडी कॅमेऱ्यासमोरून निघून जाई. ज्या चित्रात वेगाने येणारी गाडी ठसठशीत दिसते, ते चित्र १८५३ चे असण्याचा संभव नाही. तसेच वृत्तपत्रांत छायाचित्रे थेट छापण्याचे हाफटोन तंत्र १८८० च्या दशकापासून रुळले. त्याआधीच्या वृत्तपत्रांतील चित्रे ही लाकडी ठशांवरून छापलेली रेखाटने असत. अशा रेखाटनास 'दुर्मीळ छायाचित्र' म्हणणे म्हणजे चित्रकाराची दृष्टी आणि कॅमेऱ्याची नोंद यांतील भेद पुसून टाकणे होय.

चित्रातील अंतर्गत पुरावा :

चित्रओळ नसली किंवा ती संशयास्पद असली तरी अभ्यासकाचे हात बांधलेले नसतात. ग्रंथाच्या हस्तलिखिताप्रमाणे छायाचित्रातही अंतर्गत पुरावा असतो. त्यावरून 'याच्या आधीचे नव्हे' आणि 'याच्या नंतरचे नव्हे' अशा दोन मर्यादा निश्चित करता येतात. बहुतेक वेळा नेमके वर्ष हाती येत नाही. परंतु या दोन मर्यादांमधील काळ निश्चित होणे हीदेखील मोठी प्राप्ती असते.

व्हिक्टोरिया टर्मिनसचेच उदाहरण घेऊ. समोर महानगरपालिकेची इमारत दिसत असल्यास चित्र साधारणतः १८९३ नंतरचे, कारण ती त्या वर्षी पूर्ण झाली. रस्त्यावर घोड्यांची ट्राम असल्यास ते विजेच्या ट्रामच्या आधीचे. विजेची ट्राम असल्यास १९०७ ते १९६४ या कालखंडातील, कारण मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू होऊन ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. रस्त्यावर बस असल्यास ते १९२६ नंतरचे. इमारतीच्या दर्शनी भागात घड्याळाखाली राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. तो स्वातंत्र्योत्तर काळात हलविण्यात आला. कोनाडा रिकामा असल्यास चित्र त्यानंतरचे. रेल्वेच्या इमारतीचे छायाचित्र रस्त्यावरील वाहनांवरून कालनिश्चित होते, ही गोष्ट आंतरविद्याशाखीय दृष्टीची आवश्यकता दाखविणारी आहे.

रुळांवरचा पुरावा यापेक्षाही बोलका असतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई व्ही. टी. ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची गाडी सुरू झाली. रुळांवर विजेच्या तारा दिसत असतील तर मुंबईचे ते चित्र त्यापूर्वीचे नाही. इंजिनाच्या किंवा डब्याच्या अंगावरील अक्षरेही पाहावीत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची आद्याक्षरे असल्यास चित्र सामान्यतः ५ नोव्हेंबर १९५१ पूर्वीचे, कारण त्या दिवशी मध्य रेल्वे हा विभाग अस्तित्वात आला. 'सामान्यतः' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. प्रशासन एका दिवसात बदलते. डब्यांवरचा रंग मात्र ते कारखान्यात जातील तेव्हा बदलतो.

बोर घाटाच्या छायाचित्रांना असाच न्याय लावता येतो. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि घाटातील मार्ग १८६३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत प्रवाशांना घाट पालखी, तट्टू अशा साधनांनी ओलांडावा लागे. त्यामुळे '१८६० ची मुंबई-पुणे गाडी' अशी चित्रओळ वाचताच शंका यावयास हवी. घाटात गाडीची दिशा उलटविण्यासाठी एक 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ते वगळले गेले. तेथे उभ्या असलेल्या गाडीचे चित्र म्हणूनच १८६३ ते १९२९ या काळातील ठरते.

स्थळनिश्चितीच्या बाबतीत रुळांची रुंदी, म्हणजे गेज, हा महत्त्वाचा पुरावा आहे. नेरळ-माथेरान मार्ग (१९०७) आणि दार्जिलिंगचा मार्ग (१८८१) हे दोन्ही ६१० मिलिमीटर गेजचे असल्याने त्यांच्या छायाचित्रांची अदलाबदल होते. माथेरानची मूळ इंजिने ऑरेनस्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीची होती, तर दार्जिलिंगचे प्रसिद्ध 'बी' वर्गाचे इंजिन ब्रिटिश घडणीचे, बुटके आणि पाण्याची टाकी पाठीवर घेतलेले. पण येथेही सावधपणा हवा. दार्जिलिंगचे एक 'बी' वर्गाचे इंजिन या शतकाच्या प्रारंभी नेरळला आणले गेले होते. तेव्हा केवळ इंजिन ओळखून स्थळ ठरविणारा जाणकारही फसू शकतो. एका खुणेवर विसंबून न राहता दोन-तीन स्वतंत्र खुणा जुळतात काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण याहून मार्मिक आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या ७६२ मिलिमीटर गेजच्या रेल्वेची इंजिने आणि डबे भारतात धाडण्यापूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे त्यांच्या चाचण्या घेण्यात आल्या होत्या. अशा चाचणीच्या छायाचित्रात गाडी बार्शीचीच असणार. पण जमीन, झाडे आणि माणसे यॉर्कशायरची. 'बार्शी येथील रेल्वे' अशी ओळ त्याखाली आल्यास ती अर्धी खरी आणि अर्धी खोटी ठरेल. गाडीवर दृष्टी खिळलेल्या रेल्वेप्रेमींनी पार्श्वभूमीकडेही पाहिले पाहिजे, एवढाच याचा बोध.

रंगविलेला भूतकाळ :

अलीकडे कृष्णधवल छायाचित्रे संगणकाच्या साहाय्याने रंगविण्याची प्रथा वाढली आहे. रंगामुळे भूतकाळ जवळचा वाटतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु संगणकाने भरलेला रंग हा मूळ वस्तूचा रंग नसतो. तो इतर असंख्य चित्रांवरून बांधलेला अंदाज असतो. त्यातच जुन्या काचांवरील रसायने निळ्या प्रकाशास अधिक आणि तांबड्यास अत्यल्प प्रतिसाद देत. त्यामुळे तांबडा डबा चित्रात जवळजवळ काळा दिसे आणि निळे आकाश पांढरे पडे. कृष्णधवल चित्रातील गडदपणावरून मूळ रंग ओळखणे हे सामान्यतः वाटते तितके सोपे नाही.

१ जून १९३० रोजी सुरू झालेल्या 'दख्खनची राणी'चे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. प्रारंभी या गाडीचे सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक संच रुपेरी असून त्यावर लाल पट्ट्या होत्या. दुसरा गडद निळा असून त्यावर सोनेरी रेषा होत्या. एकच गाडी, एकच वर्ष, पण दोन वेगळी रूपे. पुढील पिढ्यांच्या आठवणीत या गाडीचे वेगळेच रंग आहेत. १९३० च्या दशकातील चित्राला आपल्या आठवणीतला रंग दिला की एक खरी गाडी नाहीशी होते आणि कधीही न धावलेली गाडी तिच्या जागी येते. रंगविलेले चित्र देऊ नये असे नव्हे. परंतु 'रंग नंतर भरले आहेत' हे सांगणे आणि मूळ चित्र सोबत ठेवणे ही किमान अपेक्षा आहे.

संगणकाने सर्वस्वी नव्याने बनविलेली 'जुनी' छायाचित्रे हा याच्या पुढचा टप्पा. बार्थ यांनी सांगितलेली ग्वाहीच येथे संपते, कारण कॅमेऱ्यासमोर काहीही नव्हते. अशा चित्रांत रुळ मध्येच नाहीसे होतात, चाके जोडणारे दांडे चाकांना जुळत नाहीत, पाट्यांवरील अक्षरे कोणत्याच लिपीतील नसतात. परंतु ही तंत्रे वेगाने सुधारत असल्याने केवळ डोळ्यांवर फार काळ विसंबता येणार नाही. चित्र कोठून आले, मूळ प्रत कोणाकडे आहे, हा प्रश्नच अंतिमतः निर्णायक ठरेल.

चुकीची किंमत :

आतापर्यंतच्या उदाहरणांवर 'वर्ष चुकले, इंजिन चुकले, कोणाचे काय अडले?' असे कोणी म्हणू शकेल. म्हणून ज्या चुकांची किंमत माणसांना मोजावी लागते, अशा दोन उदाहरणांचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिले उदाहरण बोर घाटाचे. सुमारे २५ किलोमीटर लांबीचा आणि १८३१ फूट चढाचा हा मार्ग त्या काळातील अभियांत्रिकीचे मोठे यश मानला जातो. १८५६ मध्ये काम सुरू झाले. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन अल्पावधीतच मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राटाची जबाबदारी स्वीकारली. घाटाच्या बांधकामाची काही छायाचित्रे तिच्या नावाशी जोडली जातात. काम भरात असताना १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते. पटकी आणि ताप यांनी त्यांतील कितीतरी दगावले. इयन कर यांनी 'बिल्डिंग द रेल्वेज ऑफ द राज' (१९९५) या ग्रंथात या श्रमिकांच्या जीवनाचा साधार अभ्यास मांडला आहे.

आता घाटातील पुलाच्या अशा छायाचित्राची कल्पना करावी, ज्यात खांबांच्या तळाशी काही माणसे उभी आहेत. छायाचित्रकाराने त्यांना पुलाची उंची कळावी म्हणून उभे केले असेल. 'बोर घाटातील भव्य पूल' एवढीच चित्रओळ दिली तर ती चुकीची ठरणार नाही. पण ती माणसे मोजपट्टीच राहतील. 'पुलाच्या तळाशी बांधकामावरील मजूर' एवढे चार शब्द वाढविले की चित्र बदलते. याउलट हौशी उत्साहात मृतांचे आकडे मनास येतील तसे फुगवून लिहिण्याची प्रवृत्तीही दिसते. ती सहानुभूतीतून आलेली असली तरी तिने श्रमिकांचे भले होत नाही. एक आकडा खोटा ठरला की उरलेल्या सत्यावरचा विश्वासही ढळतो.

दुसरे उदाहरण फाळणीचे. १९४७ मध्ये एक कोटीहून अधिक माणसांनी सीमा ओलांडली आणि टपापर्यंत माणसांनी भरलेली आगगाडी हे त्या विस्थापनाचे प्रतीकच बनले. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी 'लाइफ' नियतकालिकासाठी त्या काळी काढलेली विस्थापितांची छायाचित्रे सर्वज्ञात आहेत. गाड्या दोन्ही दिशांनी जात होत्या आणि दोन्ही दिशांच्या गाड्यांवर हल्ले झाले. नेमकी हीच गोष्ट चित्रओळीच्या चुकीने पुसली जाते. दिल्लीहून पाकिस्तानकडे निघालेल्या मुस्लिम निर्वासितांची गाडी 'पाकिस्तानातून आलेले हिंदू निर्वासित' म्हणून दाखविली, किंवा याउलट केले, तर एका समूहाचे दुःख हिरावून दुसऱ्याच्या नावे मांडले जाते. दुःख दोघांचेही खरे होते. पण चित्र एकाचेच आहे. 'गांधी' (१९८२) किंवा 'ट्रेन टू पाकिस्तान' (१९९८) अशा चित्रपटांतील दृश्य मूळ छायाचित्र म्हणून पुढे आले तर स्थिती आणखी बिकट होते, कारण खोटे चित्र उघडकीस आल्यावर 'असे काही घडलेच नव्हते' असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयते शस्त्र पडते. अशा छायाचित्राबाबत 'हौसेने पाठविले' हे समर्थन अपुरे आहे, एवढेच नव्हे तर ते बेजबाबदारपणाचे आहे.

हौसेची बाजू :

येथवरच्या विवेचनावरून हौस ही अचूकतेची वैरीण आहे असा समज होऊ नये. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. रेल्वेच्या इंजिनांचा सूक्ष्म अभ्यास विद्यापीठांनी क्वचितच केला. तो बव्हंशी हौशी अभ्यासकांनी केला. ह्यू ह्यूज यांचे 'इंडियन लोकोमोटिव्हज' हे अनेक भागांतील संकलन इंजिनांच्या नोंदी तपासण्यासाठी आजही हाताशी ठेवावे लागते आणि त्याचे प्रकाशन रेल्वेप्रेमींच्या मंडळानेच केले. क्रमांक टिपणे, चाकांची मांडणी नोंदविणे, एखाद्या इंजिनाच्या आवाजावरून व डुलण्यावरून त्याला 'खेकडा' असे नाव देणाऱ्या घाटातील कर्मचाऱ्यांची भाषा जपणे, हे सारे हौसेनेच घडले आहे. खरी हौस कुतूहलातून येते आणि कुतूहल तपशिलाकडे नेते. 'दुर्मीळ फोटो, पुढे पाठवा' एवढ्यावर थांबणाऱ्या उत्साहाला म्हणूनच उथळ म्हणावे लागते. त्यात कुतूहलाचा अंश नसतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अचूकतेच्या नावाखाली होणारी हेटाळणी इतिहासाचे नुकसान करते. भुसावळ, मनमाड, इगतपुरी, दौंड, लोणावळा, कुर्डुवाडी या रेल्वेच्या गावांतील अनेक घरांत फायरमन, गार्ड, फिटर, गँगमन यांची छायाचित्रे आहेत. सरकारी संग्रहात इंजिन सापडते. त्या इंजिनापुढे डबा हातात घेऊन उभा असलेला फायरमन बहुधा घरच्या अल्बममध्येच सापडतो. अशा घरातील नातवाने 'आमचे आजोबा, १९४५' असे लिहून छायाचित्र सर्वांपुढे ठेवले आणि एखाद्या जाणकाराने 'हे डब्ल्यूपी वर्गाचे इंजिन आहे, ते १९४७ पूर्वी आलेच नव्हते, आधी अभ्यास करा' असे सुनावले, तर जाणकाराचे विधान बरोबर ठरेल. पण तो अल्बम कायमचा मिटेल. तीच माहिती 'हे इंजिन १९४७ नंतरचे दिसते. आजोबा त्या वेळी कोणत्या शेडला होते?' अशी विचारली तर वर्षही दुरुस्त होते आणि शेडचे नावही हाती येते. अचूकता हा निष्कर्षाचा गुण आहे तसाच तो संभाषणाचाही गुण असावयास हवा.

येथे मौखिक माहितीचेही मोल ओळखले पाहिजे. घरातील आठवण वर्षाच्या बाबतीत डळमळीत असते. परंतु माणसांची नावे, नाती, गाव, कामाचे स्वरूप याबाबत ती बहुधा लेखी नोंदींपेक्षा समृद्ध असते. तेव्हा आठवण नाकारण्याऐवजी ती 'आठवण' म्हणूनच नोंदविणे हा मार्ग श्रेयस्कर आहे.

चित्रओळीची शिस्त :

वरील चर्चेतून चित्रओळीची एक साधी रीत सुचविता येते. चित्रओळीत तीन प्रकारची माहिती असते : चित्रात प्रत्यक्ष दिसणारी, चित्रातील खुणांवरून अनुमानाने ठरविलेली आणि कोणीतरी सांगितलेली. या तिन्हींची सरमिसळ न करणे, हीच अचूकतेची पहिली पायरी होय. 'वाफेचे इंजिन व चार डबे. मागे विजेच्या तारा. मुंबई परिसर असल्यास १९२५ नंतरचे. छायाचित्र देणाऱ्या कुटुंबाच्या सांगण्यानुसार कल्याण' अशी ओळ नाट्यमय वाटणार नाही. परंतु पुढील अभ्यासकाला तिच्यावर काम करता येईल. 'असावे', 'बहुधा', 'सुमारे' या शब्दांना मराठीत कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्ञानाची सीमा दाखविणारे ते प्रामाणिक शब्द आहेत.

छायाचित्रकाराचे आणि संग्रहाचे नाव देणे हा या शिस्तीचाच भाग होय. त्यास कायद्याचाही आधार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकारालाही अन्य निर्मात्यांप्रमाणे हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. शिवाय आपल्या निर्मितीवर आपले नाव असण्याचा हक्कही त्याला आहे. कडेचे नाव कापून छायाचित्र पुढे धाडले की हा हक्क डावलला जातो. त्याबरोबर ते चित्र कोणत्या काळातील, कोणत्या हेतूने काढलेले, हे शोधण्याचा सर्वांत महत्त्वाचा धागाही तुटतो.

महाविद्यालयांना या कामात मोठा वाव आहे. इतिहास, भूगोल, मराठी, पदार्थविज्ञान, ग्रंथालयशास्त्र अशा विभागांतील विद्यार्थ्यांनी परिसरातील रेल्वे-कुटुंबांची छायाचित्रे जमवून त्यांच्या चित्रओळी या पद्धतीने तयार केल्यास संशोधनपद्धतीचा तो प्रत्यक्ष पाठ ठरेल. मूळ प्रत घरीच राहावी, तिची नक्कल ग्रंथालयात यावी आणि प्रत्येक दुरुस्तीची तारखेसह नोंद व्हावी, एवढे पथ्य पुरेसे आहे.

निष्कर्ष :

१. छायाचित्र आणि चित्रओळ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. छायाचित्राची विश्वसनीयता चित्रओळीला आपोआप प्राप्त होत नाही.

२. इमारती, वाहने, विजेच्या तारा, अक्षरे, गेज आणि छायाचित्रणाचे तंत्र यांवरून कालमर्यादा व स्थळ ठरविता येते. मात्र एका खुणेवर विसंबणे धोक्याचे आहे.

३. चुकीच्या चित्रओळीची किंमत सर्वत्र सारखी नसते. इंजिनाचे वर्ष चुकणे आणि निर्वासितांची दिशा चुकणे यांत गुणात्मक अंतर आहे. म्हणून विषय जितका वेदनेचा, तितकी पडताळणीची जबाबदारी अधिक.

४. रंगविलेल्या किंवा संगणकनिर्मित चित्रांचा तसा स्पष्ट उल्लेख करणे अनिवार्य मानावे.

५. हौस आणि अचूकता यांत मूलतः विरोध नाही. विरोध आहे तो उथळ उत्साह आणि अचूकता यांत, तसाच तो उद्धट काटेकोरपणा आणि ज्ञानवृद्धी यांतही आहे.

जुन्या आगगाडीचे छायाचित्र पुढे पाठविणारा प्रत्येक जण, त्याची इच्छा असो वा नसो, इतिहासलेखनात भाग घेत असतो. पुढे पाठविण्यापूर्वी 'हे कशावरून?' असा प्रश्न त्याने स्वतःला विचारावा आणि उत्तर नसल्यास चित्राखाली तसे लिहावे, एवढी अपेक्षा हौशी माणसाकडूनही करणे अवाजवी ठरणार नाही.